धाकट्या पातीचा मार्च

मार्च महिना उजाडला की आपल्या मंडळांत गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाची लगबग सुरू होते. हॉल ठरवायचा, श्रीखंडाची व्यवस्था बघायची, तालमींना येणाऱ्यांची जमवाजमव करायची. आणि नेमकं नाट्यसंगीत रंगात आलं असताना मागच्या रांगेतून एकदम आरडाओरडा होतो. बघावं तर पाच-सहा मुलं एका फोनवर वाकलेली असतात. या ओरडण्याचं नाव 'मार्च मॅडनेस', म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांची बास्केटबॉल स्पर्धा.

आपल्यापैकी बहुतेकजण क्रिकेटवर पोसलेले. इथे आल्यावर ऑफिसात कोणीतरी सामन्यांचा तक्ता हातात देतो आणि विजेते ओळखायला सांगतो. आपण आपले नावाजलेल्या विद्यापीठांवर खुणा करून मोकळे होतो. मग दोन दिवसांत कधी न ऐकलेलं एखादं कॉलेज येतं आणि आपल्या तक्त्याचे तीनतेरा वाजवून जातं. ही कॉलेजं येतात कुठून, आणि मोठ्यांच्या पंगतीत त्यांना पाट कसा मिळतो, याचा इतिहास मोठा वाचनीय आहे. मुलांशी बोलायला एक विषय मिळतो, हा फायदा वेगळाच.

स्पर्धेची रचना

बास्केटबॉलचा जन्म 1891 चा, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावातला. जेम्स नायस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात मुलांना घरात खेळता यावं म्हणून हा खेळ शोधून काढला. कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा 1939 मध्ये अवघ्या 8 संघांनिशी सुरू झाली. 1985 मध्ये संघ 64 झाले आणि 2011 मध्ये 68. सामना हरला की संघ घरी जातो, दुसरी संधी नाही. लहान संघाला आशा वाटावी ती याच नियमामुळे. सात सामन्यांच्या मालिकेत मोठा संघ बहुधा जिंकेलच, पण 40 मिनिटांच्या एका सामन्यात काहीही होऊ शकतं.

कॉलेजं वेगवेगळ्या गटांत विभागलेली असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. देवास संस्थानात जशी थोरली पाती आणि धाकटी पाती होती, तशाच या कॉन्फरन्सच्याही दोन पात्या आहेत. थोरल्या पातीकडे पन्नास-साठ हजार विद्यार्थ्यांची सरकारी विद्यापीठं, टीव्हीचे करार आणि प्रचंड प्रेक्षागृहं. धाकट्या पातीकडे दोन-चार हजार मुलांची कॉलेजं आणि जेमतेम भरणारी व्यायामशाळा. कॉन्फरन्स जिंकणाऱ्या संघाला स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. उरलेल्या जागा एक निवड समिती भरते, आणि खरी रस्सीखेच असते ती तिथे. कोणाला किती मान द्यायचा, हे ही समिती ठरवते.

शिकागोचा पहिला धडा

या इतिहासातलं सर्वांत मोलाचं पान 1963 चं आहे. शिकागोच्या लॉयोला या जेझुइट कॉलेजाच्या संघात सुरुवातीच्या पाच खेळाडूंपैकी चार कृष्णवर्णीय होते. त्या काळी अशी निवड करण्याची हिंमत फार थोड्या प्रशिक्षकांत होती. जॉर्ज आयर्लंड यांनी ती केली, कारण मोठ्या विद्यापीठांनी दारं बंद केल्यामुळे गुणी मुलं बाहेर ताटकळत होती. त्यांची गाठ मिसिसिपी स्टेटशी पडली. गोऱ्या-काळ्यांचा सामना होऊ नये म्हणून मिसिसिपीत कोर्टाचा मनाई हुकूम काढण्यात आला होता. तो बजावला जाण्याआधीच मिसिसिपी स्टेटचा संघ गुपचूप राज्याबाहेर पडला आणि मिशिगनमध्ये खेळायला आला. दोन्ही कर्णधारांनी हस्तांदोलन केलं, कॅमेऱ्यांचा लखलखाट झाला. लॉयोलाने तो सामना 61-51 असा जिंकला. पुढे अंतिम सामन्यात 15 गुणांची पिछाडी भरून काढत सिनसिनाटीला जादा वेळेत 60-58 असं हरवून त्यांनी विजेतेपदही पटकावलं.

लहान कॉलेजांचा पहिला मंत्र इथेच सापडतो. थोरली पाती ज्यांच्याकडे ढुंकून बघत नाही, त्यांना शोधा. कोणी रंगामुळे नाकारलेला असतो, कोणी दोन इंच कमी उंचीमुळे, तर कोणी गाव आडबाजूला असल्यामुळे.

प्रिन्स्टनचा गनिमी कावा

दुसरा मंत्र प्रिन्स्टनचा. नाव मोठं असलं तरी बास्केटबॉलमध्ये हे लहानच घर, कारण आयव्ही लीगमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप दिली जात नाही. पीट कॅरिल हे तिथले प्रशिक्षक. आपली मुलं उंचीत आणि वेगात कमी पडणार, हे त्यांनी मान्यच करून टाकलं होतं. म्हणून त्यांनी खेळाची गतीच कमी केली. चेंडू शांतपणे फिरवत राहायचं, समोरचा कंटाळून पुढे सरसावला की त्याच्या पाठीमागून बास्केटकडे धावायचं. हा शुद्ध गनिमी कावा! 1996 मध्ये आदल्या वर्षीचा विजेता यूसीएलए या डावपेचात सापडला. शेवटचे काही सेकंद उरले असताना असाच एक पाठीमागून कावा झाला आणि प्रिन्स्टन 43-41 असं जिंकलं. कॅरिल यांच्या प्रिन्स्टनमधल्या कारकिर्दीतला तो शेवटचा विजय.

स्पोकॅनची चिकाटी

पण एक विजय हा शेवटी एकच विजय. लोक टाळ्या वाजवतात आणि विसरतात. टाळ्यांपासून मानापर्यंतची वाट चालून दाखवली ती गॉन्झॅगाने.

वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व टोकाला स्पोकॅन शहर आहे. तिथलं हे जेझुइट विद्यापीठ 1887 पासूनचं. जॉन स्टॉकटन हा पुढे एनबीएमध्ये गाजलेला खेळाडू इथलाच, पण त्याच्या काळातही संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचला नव्हता. तो योग आला 1995 मध्ये. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस विद्यापीठात येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या घटत होती आणि पैशांची चणचण होती. अशात 1999 साली दहावं मानांकन असलेल्या या संघाने मिनेसोटा, स्टॅनफर्ड आणि फ्लॉरिडा या तिघांना ओळीने हरवलं आणि शेवटच्या आठांत धडक मारली. तिथे ज्या कनेक्टिकटकडून ते 67-62 असे हरले, तेच त्या वर्षीचे विजेते ठरले.

मग जे नेहमी घडतं तेच घडलं. प्रशिक्षक डॅन मॉन्सन यांना मिनेसोटाने बोलावून घेतलं. अशा वेळी लहान संघ कोलमडतो. गॉन्झॅगाने बाहेरचा माणूस न आणता मार्क फ्यू या दहा वर्षं तिथेच राबलेल्या सहायकाला बढती दिली. मोठ्या विद्यापीठांत जाण्याऐवजी फ्यू तिथेच थांबले, आणि या कथेची गुरुकिल्ली तीच आहे. 1999 पासून 2025 पर्यंत, करोनामुळे रद्द झालेलं 2020 साल वगळता, एकाही वर्षी गॉन्झॅगा स्पर्धेला मुकलं नाही.

त्यांनी काय केलं? मोठे संघ स्पोकॅनला यायला तयार नसत, म्हणून हे त्यांच्या दारात जाऊन खेळले. फ्रान्स, पोलंड, लिथुआनिया, जपान अशा देशांतून खेळाडू आणले. घाई केली नाही. कॅनडाच्या केली ऑलिनिक या खेळाडूने मधलं एक पूर्ण वर्ष सामने न खेळता केवळ तयारीत घालवलं, आणि परतला तो देशातल्या उत्तम खेळाडूंत गणला जाऊ लागला. यशातून आलेला पैसा पुन्हा संघातच गुंतवला. 2004 मध्ये 6,000 आसनांचं नवं प्रेक्षागृह उभं राहिलं. विद्यार्थ्यांची संख्याही वाढली, म्हणजे बास्केटबॉलने विद्यापीठालाच हात दिला. 2013 मध्ये संघ क्रमवारीत प्रथमच पहिला आला. 2017 आणि 2021 मध्ये अंतिम सामन्यापर्यंत पोचला, पण विजेतेपद दोन्ही वेळा हुकलं. 2021 मध्ये तर तोपर्यंतचे सगळे 31 सामने जिंकून ते अंतिम सामन्यात उतरले होते!

आपल्या शेजारची कॉलेजं

उत्तर व्हर्जिनियातल्या मराठी कुटुंबांना जॉर्ज मेसन विद्यापीठ परिचयाचं आहे. 2006 मध्ये निवड समितीने त्यांना स्पर्धेत घेतलं, तेव्हा टीव्हीवरच्या जाणकारांनी नाकं मुरडली. तोवर या संघाने स्पर्धेत एकही सामना जिंकला नव्हता. त्यांनी मिशिगन स्टेटला हरवलं, मग गतविजेत्या नॉर्थ कॅरोलायनाला, मग विचिटा स्टेटला आणि शेवटी अव्वल मानांकित कनेक्टिकटला जादा वेळेत 86-84 असं हरवून अंतिम चारांत स्थान मिळवलं. नाकं मुरडणाऱ्यांना परस्पर उत्तर मिळालं.

इंडियानापोलिसच्या बटलर विद्यापीठाने 2010 मध्ये अंतिम सामन्यात ड्यूकला घाम फोडला आणि 61-59 असा पराभव स्वीकारला. मैदानाच्या मध्यावरून टाकलेला शेवटचा चेंडू कडीला लागून बाहेर आला. पालकांनी मुलांना आवर्जून सांगावं असं म्हणजे त्या दिवशीही बटलरचे खेळाडू वर्गात हजर होते! बाल्टिमोरजवळचं यूएमबीसी बुद्धिबळासाठी प्रसिद्ध. 2018 मध्ये सोळावं मानांकन असताना त्यांनी अव्वल व्हर्जिनियाला 74-54 असं लोळवलं. त्याआधी पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्या मानांकनाचे 135 संघ पहिल्याला भिडले होते आणि सगळे हरले होते.

आणि सेंट पीटर्स तर जर्सी सिटीचंच. आपण ज्या न्यूअर्क अॅव्हेन्यूवर किराणा आणायला जातो, तिथून हे कॉलेज हाकेच्या अंतरावर. बोधचिन्ह मोर. 2022 मध्ये या मोराने केंटकीला 85-79 असं हरवून पिसारा फुलवला, पर्ड्यूलाही धूळ चारली आणि पंधराव्या मानांकनावरून शेवटच्या आठांत जाणारा तो पहिला संघ ठरला.

किंमत कोण मोजतं?

या गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. सेंट पीटर्सचा प्रवास संपल्यावर काही दिवसांतच प्रशिक्षक शाहीन हॉलोवे सीटन हॉलला गेले आणि बरेच खेळाडू दुसऱ्या कॉलेजांत पांगले. यूएमबीसीचे रायन ओडम तर 2025 मध्ये, मधल्या दोन नोकऱ्या करून, ज्या व्हर्जिनियाला हरवलं त्याच संघाचे प्रशिक्षक झाले! 2021 पासून खेळाडूंना कॉलेज बदलल्यावर एक वर्ष बाहेर बसावं लागत नाही आणि स्वतःच्या नावावर पैसेही मिळवता येतात. 2025 पासून कॉलेजं त्यांना थेट मानधन देऊ लागली. हे न्याय्यच आहे. घाम गाळणाऱ्याला त्याचा वाटा मिळायलाच हवा. पण बटलरसारखी तीन-चार वर्षं मुरलेली जोडगोळी टिकवणं धाकट्या पातीला आता फार अवघड झालं आहे. 2025 च्या स्पर्धेत शेवटचे सोळाच्या सोळा संघ थोरल्या पातीचेच होते.

मग हे दार बंद झालं का? तसं मला वाटत नाही. दोनच वर्षांनी, 2024 मध्ये, नवा प्रशिक्षक आणि नवे खेळाडू घेऊन सेंट पीटर्स पुन्हा कॉन्फरन्स जिंकून स्पर्धेत आलं. पहिल्याच सामन्यात हरलं, त्याची बातमीही फारशी झाली नाही. माझ्या लेखी मात्र केंटकीवरच्या विजयाइतकंच ते मोलाचं आहे. सगळं विस्कटल्यावर पुन्हा पहिल्यापासून घडी बसवणं, यालाच चिकाटी म्हणतात. परक्या गावात चार घरं जमवून मंडळ उभं करणाऱ्यांना आणि दर दोन वर्षांनी नवी समिती शोधणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा पुढच्या पाडव्याला मागच्या रांगेतून आरडाओरडा झाला, तर रागावू नका. जरा मागे वळून विचारा, "कुठलं कॉलेज जिंकलं रे?" नाव ओळखीचं नसलं, तर समजा की गोष्ट ऐकण्यासारखी आहे.