वृद्धांची वाढती संख्या आणि संधिवाताचा भार

२०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षांवरील नागरिक सुमारे १० कोटी ३८ लाख होते. केंद्राच्या तज्ज्ञ गटाने २०२० मध्ये वर्तवलेल्या अंदाजानुसार २०३१ मध्ये ही संख्या १९ कोटींवर जाईल. वयोगटनिहाय लोकसंख्येला त्या गटातील रुग्णप्रमाणाने गुणून संधिवाताच्या भावी रुग्णसंख्येचा अंदाज बांधला जातो. मात्र या विकाराने मृत्यू क्वचितच ओढवतो. त्यामुळे मृत्युनोंदींऐवजी अपंगत्वात गेलेली वर्षे मोजावी लागतात. निदानच न झालेले रुग्ण या गणनेतून निसटतात. नवी दिल्लीत २९ ऑक्टोबर २०२४ रोजी आयुष्मान भारत योजना ७० वर्षांवरील सर्वांना खुली करण्यात आली. तीत रुग्णालयात दाखल झाल्यावरील उपचारांचा समावेश आहे. संधिवाताच्या रुग्णांना वर्षानुवर्षे घ्यावी लागणारी बाह्यरुग्ण औषधे मात्र तिच्या कक्षेबाहेर आहेत.