राम की जे-के-ई?

अंध माणसे संगणक वापरतात, याचे अजूनही पुष्कळांना नवल वाटते. समजा, जालना जिल्ह्यात भोकरदनच्या किंवा मंठ्याच्या एखाद्या शाळेत एक अंध शिक्षक आहेत. त्यांच्या संगणकावर एक मराठी परिपत्रक येते. पडद्यावर ते स्वच्छ दिसते. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी आज्ञावली, म्हणजे स्क्रीन रीडर, त्यांच्याकडे आहे. तरीही त्यांना त्यातले एक अक्षर कळत नाही. असे का व्हावे? याचे उत्तर शोधायला थोडे मागे जावे लागेल.

लुई ब्रेलने १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा ठिपक्यांची लिपी तयार केली. ती भारतात आली तेव्हा ठिकठिकाणी तिची निरनिराळी रूपे झाली. एका प्रांतात छापलेले पुस्तक दुसऱ्या प्रांतातल्या अंध वाचकाला परके होई. हा गोंधळ मिटवण्यासाठी १९५१ मध्ये ‘भारती ब्रेल’ ठरली. तिचे तत्त्व साधे होते: उच्चार सारखा, तर ठिपकेही सारखे. इंग्रजी ‘के’चे जे ठिपके, म्हणजे पहिला आणि तिसरा, तेच मराठी, बंगाली आणि तमिळ ‘क’चे. अक्षराचे रूप बाजूला ठेवून त्याची ओळख पक्की केली गेली.

संगणकावर मराठी आली तेव्हा नेमके उलटे झाले. संगणकाला अक्षरे कळत नाहीत, कळतात ते आकडे. इंग्रजीच्या प्रत्येक अक्षराचा आकडा आधीच ठरलेला होता. आपल्याकडच्या छपाईच्या फाँटांनी त्याच आकड्यांवर देवनागरीची चित्रे बसवली, तीही प्रत्येकाने आपापल्या क्रमाने. टंकलेखन यंत्राच्या पद्धतीने चालणाऱ्या ‘कृतिदेव’ फाँटमध्ये ‘राम’ लिहिला, तर संगणकाच्या पोटात जे, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरे साठतात. डोळसाला राम दिसतो. स्क्रीन रीडर मात्र साठवलेले आकडेच वाचणार. (फाँट नसलेल्या संगणकावर अशी फाइल उघडून ज्यांनी अगम्य इंग्रजी अक्षरे पाहिली आहेत, त्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.)

हा प्रयोग वर्गात करण्यासारखा आहे. एखाद्या मराठी फाइलमधला उतारा उचलून नोटपॅडमध्ये टाका. देवनागरी टिकली तर ठीक. इंग्रजी अक्षरे उमटली, तर स्क्रीन रीडरही तीच बोलेल. उतारा उचलताच आला नाही, तर बहुधा तो मजकूर नसून कागदाचा फोटो आहे.

यावर तोड निघाली ती भारती ब्रेलच्याच वळणाची. भारतीय लिप्यांना एकाच मांडणीत बसवणारी ‘इस्की’ संहिता १९८८ मध्ये आली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीवरून घेतली. आता ‘क’ला स्वतःचा आकडा मिळाला, फाँट कोणताही असो.

पण वाचणारी आज्ञावली महाग होती. तिची किंमत कित्येकदा संगणकाहून जास्त असे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने ‘एनव्हीडीए’ लिहायला घेतली. जेम्स टेह हा त्याचा मित्रही अंध. आज्ञावली फुकट आणि तिचा आतला मजकूर सर्वांना खुला, त्यामुळे देशोदेशींचे स्वयंसेवक तिच्या भाषांतरात आणि दुरुस्तीत उतरले. तिच्यासोबत येणारा ‘ईस्पीक’ हा बोलका भाग मराठीही बोलतो. आवाज यांत्रिक आहे. शिवाय मराठी बोलणे सोपे नाही: ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले दोन ‘च’ लिपीत सारखेच दिसतात. ‘लिबलुई’ ही मजकुराचे ब्रेलमध्ये रूपांतर करणारी आज्ञावली जॉन बॉयर या अंध आणि बधिर गृहस्थांनी २००२ मध्ये सुरू केली. तिच्यात मराठीचा तक्ता आहे, म्हणून युनिकोडमधला ‘क’ बोटांखाली पुन्हा पहिला आणि तिसरा ठिपका होऊन उमटू शकतो.

राहिली संकेतस्थळे. २००३ पासून मोफत मिळणाऱ्या ‘वर्डप्रेस’वर आज जगातली चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे चालतात. चित्राला शब्दांत वर्णन आहे का, माउस न हलवता नुसत्या कळफलकावर काम होते का, हे पाहणारा स्वयंसेवकांचा एक गट तिथे आहे. २०१८ मध्ये लेखनाचा नवा संपादक आला, तेव्हा तो अपंगांना अवघड जाईल असे या गटाने बजावले. दुरुस्त्या मागे पडत आहेत असे दिसल्यावर गटप्रमुख रियान रीटवेल्ड यांनी त्या ऑक्टोबरमध्ये राजीनामा दिला. तरी डिसेंबरमध्ये तो संपादक प्रसिद्ध झालाच. पुढे ‘डब्ल्यूपीकॅम्पस’ या उच्चशिक्षणातल्या वापरकर्त्यांच्या संघटनेने वर्गणी काढून त्याची स्वतंत्र तपासणी करून घेतली. तिचा अहवाल मे २०१९ मध्ये सर्वांसाठी खुला झाला, आणि त्यातले दोष एकेक करून दुरुस्तीला घेतले गेले.