तुकोबांची चित्रे

ज्यांचे अभंग मराठी माणसाच्या जिभेवर आहेत, त्या तुकोबांचा चेहरा मात्र निश्चितपणे कोणासच ठाऊक नाही. सतराव्या शतकातील या देहूच्या कवीस समोर बसवून काढलेले असे निर्विवाद चित्र उपलब्ध नाही. तरीही बुलढाणा जिल्ह्यातील अमडापूरच्या ज्या वारकऱ्याने देहू पाहिले नसेल, त्यासही तुकोबा चित्रात तत्काळ ओळखता येतात: गळ्यात तुळशीची माळ, हाती वीणा व चिपळ्या, नेत्र अर्धोन्मीलित.

या रूपास चालतेबोलते केले ते १९३६ साली प्रभात कंपनीच्या 'संत तुकाराम' या बोलपटाने. दामले आणि फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाखाली विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले. पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या या गायक नटाची मुद्रा असंख्य प्रेक्षकांनी संताचीच मुद्रा म्हणून मनात साठविली. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवातही बोलपटाचा गौरव झाला.

परंतु भिंतीवरच्या तसबिरीत वीणा असते, नांगर व लेखणी नसतात. तुकोबा कुणबी कुळातले. घरी शेती, महाजनकी आणि दुकान होते. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळाने ते घर खचले. व्यापार बुडाला, पहिली पत्नी आणि मुलगा दगावले. पुढे आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते.

तुकोबांना प्रत्यक्ष पाहिलेल्या संत बहिणाबाईंनी आत्मचरित्रपर अभंगांत त्यांची आठवण ठेविली आहे. कोल्हापुरास असता त्यांस तुकोबांचा स्वप्नोपदेश झाला व पुढे त्या देहूस गेल्या. ब्राह्मण स्त्रीने कुणब्यास गुरू मानावे, हे देहूच्या मंबाजीस रुचले नाही. तुकोबांच्या चरित्रातील खरा कलह हाच: नांगर धरणाऱ्याने परमार्थाचे शब्द उच्चारावेत काय? रामेश्वर भटांचा आक्षेप आणि वह्या बुडविण्याचा प्रसंग याच प्रश्नातून उद्भवले. शंभराहून अधिक वर्षांनी, १७७४ साली, महिपतींनी 'भक्तलीलामृता'त तुकोबांचे चरित्र गाइले, तेव्हा त्या कलहाभोवती चमत्कारांची प्रभा दाटली होती.

तसबिरीतील शांत मुद्रा पाहून त्या कलहाची कल्पना येत नाही. ती गाथेतच येते. तेथे दुष्काळाने पोळलेला गृहस्थ आहे, आपले कुणबीपण न लपविणारा शेतकरी आहे, आणि देवाशीही भांडणारा कवी आहे. मुंबई सरकारच्या साहाय्याने १८६९ ते १८७३ या काळात ही गाथा छापली गेली आणि हे आत्मचित्र वाचणाऱ्या प्रत्येकाच्या हाती येऊ लागले.