मणिबेलीचा प्रश्न आणि वॉशिंग्टनचे दार

जागतिक बँकेच्या पैशातून एखादा प्रकल्प उभा राहत असेल आणि त्यामुळे आपले नुकसान होत आहे असे तिथल्या दोन माणसांना वाटले, तर ती दोन माणसे थेट वॉशिंग्टनला तक्रार करू शकतात. वकील लागत नाही, स्वतःच्या सरकारची परवानगी लागत नाही, अर्ज आपल्या भाषेत लिहिला तरी चालतो. ही सोय २२ सप्टेंबर १९९३ रोजी निर्माण झाली. तिचा उगम शोधत गेलो तर आपण पोहोचतो सातपुड्याच्या कुशीतील, नर्मदाकाठच्या मणिबेली या आदिवासी गावी. आजचा धागा त्याविषयी.

मणिबेली अक्कलकुवा तालुक्यात आहे. आज हा भाग नंदुरबार जिल्ह्यात मोडतो. तेव्हा तो धुळे जिल्ह्यात होता. सरदार सरोवर धरण गुजरातेत, पण त्याच्या जलाशयाच्या कक्षेत तीन राज्यांतील २४५ गावे येत होती आणि त्यांतील ३३ महाराष्ट्रातील होती. धरणाच्या भिंतीकडून येताना महाराष्ट्राचे पहिले गाव लागते ते हेच.

मे १९८५ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पासाठी ४५ कोटी डॉलरच्या कर्जाचे करार केले. भारताच्या पर्यावरण मंत्रालयाची मंजुरी त्या वेळी मिळालेलीच नव्हती. ती मिळाली जून १९८७ मध्ये, तीही सशर्त. म्हणजे आधी पैसा आणि मग परीक्षा, असा हा क्रम होता. याला घाई म्हणणे मला पटत नाही. कर्ज मंजूर होणे हेच यश मानणाऱ्या संस्थेची ती सवय होती, आणि ते पुढे बँकेच्याच कागदांनी सिद्ध केले.

पुनर्वसनाची तरतूद कागदावर उदार होती. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ च्या निवाड्यात जमिनीच्या बदल्यात जमीन, किमान दोन हेक्टर, असे बंधन घातले होते. मेख होती ‘जमीनधारक’ या शब्दात. अक्कलकुवा-अक्राणीतील भिल्ल आणि पावरा कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जी शेते कसत होती, त्यांतील पुष्कळशी सरकारी दप्तरात वनजमीन होती. दप्तराच्या लेखी कसणारा हा अतिक्रमणदार, आणि अतिक्रमणदाराला जमिनीचा हक्क नाही. एका शब्दाने अख्खी कुटुंबे हिशेबाबाहेर गेली.

हे सारे तपासायचे तर कागद हवेत, आणि कागद तर मिळत नव्हते. बँकेचे मूल्यमापन अहवाल गोपनीय असत. १९८८ मध्ये गुजरात सरकारने धरणस्थळाच्या परिसरात शासकीय गोपनीयता कायदा लागू केला. ज्याचे घर बुडणार त्याला पाणी कोठवर येणार हे विचारणेही अवघड झाले.

म्हणून प्रश्न देशाबाहेर गेला. ऑक्टोबर १९८९ मध्ये मेधा पाटकर यांनी अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. बँकेचा सर्वांत मोठा भागधारक अमेरिका, आणि तिथल्या करदात्याचा पैसा कोठे जातो हे विचारण्याचा अधिकार त्या समितीला होता. १९९० मध्ये जपानने या प्रकल्पासाठी पुढील साहाय्य देण्यास नकार दिला. अखेर १९९१ मध्ये बँकेने आपल्या इतिहासात प्रथमच एका चालू प्रकल्पाची स्वतंत्र चौकशी नेमली. अध्यक्ष होते संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख ब्रॅडफर्ड मोर्स आणि उपाध्यक्ष कॅनडाचे न्यायविद थॉमस बर्जर.

१८ जून १९९२ रोजी त्यांचा अहवाल आला. पुनर्वसन आहे त्या परिस्थितीत शक्य नाही, पर्यावरणीय परिणामांचा नीट अभ्यास झालेला नाही, आणि बँकेने स्वतःचेच नियम पाळलेले नाहीत, असा त्याचा आशय होता. बँकेने मागे सरावे, असा सल्ला त्यात होता. ऑक्टोबरमध्ये बँकेच्या संचालक मंडळाने मात्र बहुमताने ठरवले की सहा महिन्यांच्या मुदतीत अटी पूर्ण करून घ्याव्यात आणि कर्ज चालू ठेवावे. विरोधात गेलेल्या संचालकांकडे ४२ टक्के मते होती. बँकेच्या सभागृहात असे दृश्य क्वचितच दिसले असेल.

त्याच वर्षी बँकेचा आणखी एक अंतर्गत अहवाल बाहेर आला, वापेनहान्स अहवाल. १९९१ मध्ये पूर्ण झालेल्या प्रकल्पांपैकी ३७.५ टक्के असमाधानकारक ठरले होते. कर्ज मंजूर करवून घेण्याची संस्कृती हे त्याचे एक कारण म्हणून नोंदवले गेले. सरदार सरोवर हा अपवाद होता, असे म्हणण्याची सोय आता उरली नाही.

३० मार्च १९९३ रोजी, अटींची मुदत संपत असताना, भारत सरकारने उरलेली रक्कम नको असल्याचे बँकेला कळवले. इकडे अमेरिकी काँग्रेसमधील बार्नी फ्रँक यांच्या उपसमितीने अट घातली: माहिती खुली करा, तक्रारीसाठी स्वतंत्र यंत्रणा उभारा, मगच पुढचा निधी. त्यातून बँकेचे नवे माहिती धोरण आले आणि तपासणी मंडळ जन्मले. १९९४ मध्ये धरणविरोधी संघटनांनी जगभरच्या मोठ्या धरणांविषयी जो जाहीरनामा काढला, त्याला नावही ‘मणिबेली जाहीरनामा’ असेच दिले.

पण मणिबेलीला या मंडळाचा काय उपयोग झाला? काहीच नाही. संपलेल्या कर्जाविषयी तक्रार घेता येत नाही, असा मंडळाचा नियम होता, आणि मणिबेलीचे कर्ज मंडळ स्थापन होण्याआधीच संपले होते. धरण स्वदेशी पैशावर पुढे गेले. सप्टेंबर २०१७ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. मणिबेलीचे जुने शूलपाणेश्वर मंदिर पाण्याखाली आहे.

मंडळाचा उपयोग महाराष्ट्राला झाला तो मुंबईत. २००२ च्या मुंबई नागरी परिवहन प्रकल्पासाठी रेल्वेमार्ग आणि रस्त्यांलगतची सुमारे १ लाख २० हजार माणसे हलवायची होती. २००४ मध्ये कुर्ल्यातील दुकानदारांनी तक्रार केली. बाधितांची संख्या कमी धरली गेली, दुकानदारांच्या उपजीविकेचा पुरेसा विचार झाला नाही, माहिती देणे आणि सल्लामसलत अपुरी पडली, असे मंडळाला आढळले. मार्च २००६ मध्ये बँकेने पैसे रोखले आणि काही महिन्यांनी पुन्हा सोडले. मंडळाला भरपाई देण्याचा अधिकार नाही. ते केवळ संचालकांपुढे अहवाल ठेवते. तरीही दुकानदाराच्या अर्जावरून आंतरराष्ट्रीय कर्ज काही काळ थांबते, ही घटना लहान नाही.

आणि परकीय कर्जच नसेल तर? जोहे-हमरापूरच्या गणेशमूर्तींमुळे जो पेण तालुका महाराष्ट्राला ठाऊक आहे, तेथे महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन घ्यायची होती. पैसा खाजगी, म्हणजे वॉशिंग्टनचे दार बंद. शेतकऱ्यांनी आग्रह धरला आणि २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत सरकारने मतदान घेतले. मोठ्या संख्येने मते विरोधात पडली. या मतदानामागे कोणत्याही कायद्याचे बंधन नव्हते; तरी जमीन जाण्याआधी विचारणा झाली. नर्मदाकाठी ती झाली नव्हती.

१ जुलै २०१० पासून बँकेने धोरण उलटे केले: अपवाद वगळता सर्व कागद खुले. हे धोरण आखताना अमेरिकेच्या माहिती स्वातंत्र्य कायद्याबरोबरच भारताचा २००५ चा माहिती अधिकार कायदाही प्रेरणा म्हणून समोर होता, असे बँकेनेच सांगितले आहे. आणि त्या केंद्रीय कायद्याआधी महाराष्ट्राने २००२ चा आपला कायदा केला होता, त्याच्या अंमलासाठी अण्णा हजारे २००३ मध्ये आझाद मैदानात उपोषणाला बसले होते. सरदार सरोवराचे एके काळचे गोपनीय मूल्यमापनही आता बँकेच्या संकेतस्थळावर कोणालाही उतरवून घेता येते. ते इंग्रजीत आहे.