न्हाव्याच्या खुर्चीतून आलेली कार लिफ्ट

अमेरिकेत न्यू जर्सीला राहणाऱ्या आपल्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. तिकडे घराला जोडूनच गॅरेज असतं. त्याला तिथे लिफ्ट बसवायची आहे, कारण जुनी गाडी स्वतः दुरुस्त करायचा छंद आहे. त्याने विचारलंय, "दोन खांबांची घेऊ की चार? आणि दादा, ती पडत तर नाही ना?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर विकणारासुद्धा देईल. दुसरा प्रश्न मात्र जुना आहे, लिफ्टपेक्षाही जुना. म्हणून आजचा एपिसोड त्याच्यावर.

आधी जाऊ विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकेत. फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये आली आणि १९२७ पर्यंत दीड कोटी गाड्या बनल्या. गाड्या वाढल्या, पण रस्ते बहुतेक मातीचे. धूळ, चिखल, खड्डे. त्या काळच्या गाडीला वरचेवर ग्रीस द्यावं लागायचं, तेल बदलावं लागायचं, आणि हे सगळं खालून. म्हणजे कुणीतरी गाडीखाली जाणं आलंच. कसं जायचं? एकतर पाठीवर झोपून सरपटत, नाहीतर जमिनीत खड्डा खणून त्यात उभं राहून.

आपल्याकडे एसटीच्या डेपोत असा खड्डा बघितला असेल. त्याला पिट म्हणतात. काम सोयीचं होतं, पण एक गोष्ट वाईट. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खड्ड्यात उतरते आणि तिथेच साचून राहते. मग एक ठिणगी पुरते.

आता येतो आपला हिरो. पीटर लुनाटी, टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरातला मेकॅनिक. गोष्ट अशी सांगतात की हा न्हाव्याच्या दुकानात खुर्चीवर बसला होता. न्हाव्याने दांडा दाबला, खुर्ची वर गेली. याच्या डोक्यात आलं, माणूस असा वर जातो तर गाडी का नाही? ही गोष्ट त्याची कंपनीच सांगत आली आहे, त्यामुळे थोडं मीठमसाला धरून चाला. पण १९२५ मध्ये त्याला पेटंट मिळालं, कंपनी उभी राहिली, हे पक्कं. कंपनीचं नाव रोटरी लिफ्ट, कारण त्या एकाच जाड खांबावर वर गेलेली गाडी गोल फिरवताही यायची. कंपनी आजही आहे. आणि तो एका खांबाचा प्रकार तुम्ही बघितलाय बरं का! आपल्याकडे पेट्रोल पंपाशेजारी गाड्या धुवायचा रॅम्प असतो ना, चकचकीत गोल खांब जमिनीतून वर येतो, तोच घराण्यातला.

पण लुनाटीने विज्ञान नवीन शोधलं नव्हतं. बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पसरतो, हे पास्कलने सतराव्या शतकातच मांडलं होतं. लंडनच्या जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये त्यावर हायड्रॉलिक प्रेसचं पेटंटही घेतलं. साधा हिशोब करू. समजा खांबाचा व्यास २० सेंटीमीटर. म्हणजे त्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ झालं साधारण ३१४ चौरस सेंटीमीटर. १५०० किलोची गाडी उचलायला प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर पाचेक किलो दाब पुरतो. तुमच्या कारच्या टायरमध्ये असतो त्याच्या जेमतेम दुपटीहून थोडा जास्त! म्हणून तर साध्या कॉम्प्रेसरच्या हवेने तेल ढकलून गाडी वर जायची.

ब्रामाची खरी डोकेदुखी वेगळी होती. त्याचं प्रेस बाजूने गळायचं. दाब वाढला की उलट घट्ट बसणारी चामड्याची वाटी लावली तेव्हा ते आटोक्यात आलं. याचं श्रेय बहुधा त्याच्या कारखान्यातल्या हेन्री मॉड्सलेला देतात. (याच मॉड्सलेने पुढे पगारवाढ मागितली, ब्रामाने नाही म्हटलं, आणि गडी नोकरी सोडून स्वतःचा कारखाना काढून मोठा झाला. तो एपिसोड नंतर कधीतरी.)

मुद्दा काय, तर उचलणं फार आधी सुटलेलं कोडं आहे. सील फाटलं, पाइप फुटला तर वर गेलेलं ओझं वरच कसं राहणार, हे खरं कोडं. आणि त्याचं उत्तर गाड्यांच्या जगातून आलंच नाही. १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात इलायशा ओटिस नावाचा माणूस उघड्या पाळण्यावर उभा राहिला, उंच गेला आणि सगळ्यांसमोर दोर कापायला लावला. पाळणा किंचित खाली आला आणि थांबला. दोराचा ताण गेला की एक स्प्रिंग सुटायची आणि बाजूच्या दातेरी पट्ट्यांत अडकायची. बस, एवढंच. आपण बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये निवांत रील बघत उभे राहतो ते या विचारामुळे.

आजच्या दोन खांबांच्या कार लिफ्टमध्ये हाच विचार बसलाय. गाडी वर जाताना 'टक, टक, टक' आवाज येतो ना, ते लोखंडी खटके एकेका खाचेवरून सरकत असतात. आता नीट ऐका, कारण नवशिक्यांना हेच माहीत नसतं. बटण सोडलं की गाडी थांबते, पण ती थांबलेली असते तेलावर. हवी ती उंची आली की लिफ्ट थोडी खाली सोडायची आणि दोन्ही खांबांचे खटके खाचेत बसू द्यायचे. मग वजन लोखंडावर येतं. त्यानंतरच खाली पाऊल टाकायचं.

जमिनीतल्या त्या जुन्या खांबाचं पुढे काय झालं? पुरलेले सिलिंडर गंजायचे आणि तेल मातीत मुरायचं, कुणाला दिसायचंही नाही. अमेरिकेत पर्यावरणाचे नियम कडक झाले आणि गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत जमिनीवरच्या लिफ्टने बाजी मारली. पण त्यात एक अदलाबदल झाली. पूर्वी ओझं सरळ खाली जमिनीत जायचं. दोन खांबांत गाडी बाहेर आलेल्या हातांवर तोललेली असते, म्हणजे खांब आत झुकायला बघतो आणि त्याचे बोल्ट फरशीतून उपटायला बघतात. फरशी हाच यंत्राचा भाग झाला!

म्हणून आमच्या न्यू जर्सीवाल्या भावा, कॅटलॉग बाजूला ठेव आणि आधी फरशी तपास. तिकडच्या घरगुती लिफ्टच्या मॅन्युअलमध्ये साधारण ४ इंच जाड आणि ३,००० पीएसआय ताकदीचं काँक्रीट ही किमान अट असते. तुझ्या मॉडेलचं मॅन्युअल जास्त मागत असेल तर तेच खरं. छोटं भोक पाडून जाडी मोज. पण त्याआधी स्लॅब पोस्ट-टेन्शन्ड आहे का ते विचार, कारण तशा स्लॅबमध्ये ताणलेल्या केबल असतात आणि ड्रिल त्यावर गेलं तर जिवावर बेतेल. फरशी कमी पडली तर तेवढा भाग कापून नवं काँक्रीट ओतायचं आणि २८ दिवस थांबायचं. सिमेंट वरून लवकर सुकलेलं दिसतं, त्यावर जाऊ नकोस.

मग छत. गाडी दीड मीटर उंच आणि तुला खाली उभं राहायला १.८ मीटर. म्हणजे ३.३ मीटर, जवळजवळ ११ फूट. तिकडची बरीच गॅरेजं ८-९ फुटांची असतात, वर दरवाजाचे रूळही असतात. तेवढंच छत असेल तर दोन खांबांचा हट्ट सोड आणि कात्रीसारखी उघडणारी कमी उंचीची लिफ्ट बघ. स्टुलावर बसून काम होतं. चार खांबांची लिफ्ट मला घरासाठी जास्त आवडते. गाडी चाकांवरच उभी असते, तोल सांभाळायची कटकट कमी आणि खाली दुसरी गाडी लावता येते. पण चाकं काढायची तर वेगळा जॅक लागतो. इंजिन, सस्पेन्शन, ब्रेक असं मोठं काम करणार असशील तर दोन खांबच सोयीचे. फक्त एक लक्षात ठेव, वर चढवलेल्या गाडीतून इंजिन काढलंस की तिचा तोल मागे सरकतो.

विकत घेताना 'सर्टिफाइड' शब्दावर जाऊ नकोस. तिथल्या लिफ्ट बनवणाऱ्यांची ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूट १९४५ पासून आहे. तिचं सोनेरी लेबल असतं आणि तपासलेल्या मॉडेलांची यादीही असते. तुझं मॉडेल त्या यादीत शोध. स्वस्त लिफ्टही गाडी उचलतेच, दुकानात सगळ्याच उचलतात.

आणि मुंबई-पुण्याच्या मंडळींनो, तुम्हीही सुटला नाहीत. सोसायटीत एकावर एक गाड्या ठेवणारं स्टॅक पार्किंग आहे ना? उद्या खाली गाडी काढायला जाल तेव्हा वरच्या प्लेटचे खटके खरंच बसलेत का, आणि त्याची तपासणी शेवटची कधी झाली, हे सेक्रेटरींना विचारा. काय उत्तर मिळालं ते मला व्हॉइस मेसेजवर नक्की कळवा.