ऑपरेशन

एमबीए करणारा भाचा म्हणाला, "मामा, उद्या ऑपरेशन्स रिसर्चचा पेपर." आईने आतून विचारलं, "कुणाचं ऑपरेशन?"

मूळ लॅटिन 'ओपुस' म्हणजे काम. ऋग्वेदातला 'अपस्' त्याचा चुलतभाऊ, 'ऑपेरा'ही याच घरातला. इंग्रजीत 'ऑपरेशन' हा शब्द सर्जनच्याही हाती लागला आणि सेनापतीच्याही. मराठीत मुरला तो दवाखान्यातला.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटनमध्ये रडारच्या चाचण्या चालू असताना सेनापतीच्या 'ऑपरेशन'ला 'रिसर्च' चिकटलं. पुढे शास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट आणि त्यांचे सहकारी आकडे मांडून बसले. विमानातून पाणबुडीवर टाकलेली स्फोटकं 100 फूट खोलीवर फुटत. पण विमान दिसताच बुडी मारणारी पाणबुडी तोवर जेमतेम पाण्याखाली गेलेली असे. स्फोटाची खोली 25 फुटांवर आणली. स्फोटकं तीच, पण पाणबुड्या जास्त बुडू लागल्या. हेच ब्लॅकेट स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारला संरक्षणाबाबत सल्ला देत होते.

आता डीआरडीओची दिल्लीतली 'इसा' ही संस्था लष्करासाठी संगणकावर लुटुपुटीच्या लढाया उभ्या करते. तिथे 'ऑपरेशन' म्हणजे मोहीम. आमच्याकडे आमदार फुटले की 'ऑपरेशन लोटस', आणि आजोबांचं मोतीबिंदूचं.