सुपारी : पेशवाईतल्या गारद्यांपासून मोक्कापर्यंत, भाडोत्री मारेकऱ्यांचा इतिहास

लोणंद : यात्रेचा हंगाम आला की गावोगावची पंचमंडळी तमाशाच्या फडाला किंवा बँडवाल्याला सुपारी द्यायला जातात. सुपारी म्हणजे ठरलेला सौदा. तारीख ठरली, रक्कम ठरली, थोडी उचल हातात पडली की काम पक्कं. मुंबईच्या गुन्हेगारी जगाने हाच शब्द उचलला आणि माणूस मारण्याच्या सौद्याला चिकटवला. आज खंडाळा, फलटण, माण, खटाव कुठेही 'सुपारी दिली' म्हटलं की आधी विचारावं लागतं, कसली?

या शब्दामागची चाल मात्र जुनी आहे. अवघड कामगिरी असली की दरबारात विडा ठेवायचा आणि जो उचलेल त्याने ती पार पाडायची, अशी रीत होती. शिवाजी महाराजांविरुद्ध विजापूरच्या दरबारात अफझलखानाने विडा उचलला, हे साताऱ्यातल्या पोरासोरांनाही पाठ असतं. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी त्याचं काय झालं तेही. माहीमच्या एका जुन्या राजाने अशीच विड्याची रीत घातली आणि त्यावरून मुंबईत 'सुपारी' आली, अशी एक कथा सांगतात. ती कथाच आहे. पण तमाशाची सुपारी डोळ्यासमोर असताना इतक्या लांब जायची गरजही वाटत नाही.

पैसे देऊन खून करवण्याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात गाजलेलं जुनं प्रकरण म्हणजे नारायणराव पेशव्यांचा खून. ३० ऑगस्ट १७७३ ला भर दुपारी शनिवारवाड्यात गारदी घुसले. गारदी म्हणजे पगारी पहारेकरी शिपाई. सुमेरसिंग त्यांचा म्होरक्या. त्यांचा पगार थकलेला होता आणि सत्तेवर डोळा असलेल्या चुलत्याने, रघुनाथरावाने, त्यांच्याशी सौदा केला. 'धरावे'चं 'मारावे' कुणी केलं यावर आजही वाद घालतात, आनंदीबाईंचं नाव घेतात. त्या 'ध' चा 'मा' च्या नादात खरी गोष्ट मागे पडते : तलवार गारद्यांची होती, पण न्यायाधीशाने दोष धरला तो करवणाऱ्यावर.

तो न्यायाधीश आपल्या साताऱ्याजवळच्या माहुलीचा, रामशास्त्री प्रभुणे. रघुनाथराव तेव्हा स्वतः पेशवा होऊन बसला होता. रामशास्त्रींनी तपास केला, त्याला दोषी ठरवलं, याला देहांताशिवाय प्रायश्चित्त नाही असं तोंडावर सांगितलं आणि पुणं सोडून वाईजवळच्या पांडववाडीला निघून गेले. मारणारा वेगळा आणि मारवणारा वेगळा असला तरी गुन्हा एकच, हे आजच्या कायद्यातलं तत्त्व इथल्या माणसाने अडीचशे वर्षांपूर्वी गादीवरच्या माणसाला ऐकवलं होतं.

धंदा म्हणून ही गोष्ट पहिल्यांदा नीट मांडली ती अमेरिकेतल्या टोळ्यांनी. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात गोळ्या-चॉकलेटच्या एका दुकानात मारेकऱ्यांचा अड्डा असे. वर्तमानपत्रांनी त्याला 'मर्डर इनकॉर्पोरेटेड', म्हणजे खुनाची कंपनीच म्हटलं. युक्ती साधी होती. मारणारा बाहेरगावचा, मरणाऱ्याशी त्याची ना ओळख ना वैर. मग पोलिसांना धागा सापडायचा कुठून? १९४० मध्ये त्यांच्यातलाच एब रेलेस माफीचा साक्षीदार झाला आणि सगळं फुटलं. नोव्हेंबर १९४१ मध्ये, पोलीस पहाऱ्यात असतानाच, हॉटेलच्या खिडकीतून पडून तो मेला. पण त्याने दिलेल्या माहितीवर उभ्या राहिलेल्या खटल्यांतून अनेकांना शिक्षा झाल्या आणि १९४४ मध्ये टोळीप्रमुख लेपके बुकाल्टर विजेच्या खुर्चीवर गेला.

मुंबईत हे दिवस १९८० नंतर आले. १२ फेब्रुवारी १९८१ ला प्रभादेवीच्या पेट्रोल पंपावर दाऊदचा भाऊ साबीर मारला गेला आणि बदल्यांची माळ लागली. ६ सप्टेंबर १९८३ ला अमीरजादा पठाणला तर कोर्टातच गोळ्या घातल्या, डेव्हिड परदेशी नावाच्या पोराने. अमीरजादाशी त्याचं स्वतःचं काही भांडण नव्हतं. ते काम बडा राजनने घेतलेलं. थोड्याच दिवसांत बडा राजनही कोर्टाच्या आवारात मारला गेला आणि त्याला मारणारा नौदलाच्या वेशात आला होता.

या पोरांचा पुरवठा कुठून होत होता, ते साताऱ्या-सांगलीच्या जुन्या गिरणी कामगारांना वेगळं सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना परत काम मिळालंच नाही. कुणी गावी शेतावर आले, कुणी माथाडीत गेले. चाळीतली काही रिकामी पोरं टोळ्यांच्या हाती लागली. पुढे गिरण्यांच्या जमिनींना सोन्याचा भाव आला तेव्हा गोळ्या मालकांवर आणि पुढाऱ्यांवरही चालल्या. ७ मे १९९४ ला गिरणीमालक सुनीत खटाव, १६ जानेवारी १९९७ ला पवईत खुद्द दत्ता सामंत. सामंतांच्या खटल्यात छोटा राजन २०२३ मध्ये पुराव्याअभावी सुटला. सुपारी देणाऱ्यापर्यंत पोचणं किती अवघड, ते यातून दिसतं.

त्याआधी १२ सप्टेंबर १९९२ ला जे.जे. रुग्णालयात घुसून उपचार घेणाऱ्या गवळी टोळीच्या माणसाला मारलं, त्यात पहाऱ्यावरचे दोन पोलीस गेले. १२ ऑगस्ट १९९७ ला देवळातून बाहेर पडलेल्या कॅसेट उद्योजक गुलशन कुमार यांचा खून झाला. साधा खुनाचा कायदा पुरत नाही म्हणून १९९९ मध्ये राज्याने मोक्का आणला. वरिष्ठ अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा धरता येतो, फोन टॅपिंग चालतं, जामीन फार कठीण. अरुण गवळीला याच कायद्याखाली २०१२ मध्ये जन्मठेप झाली, नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांच्या २ मार्च २००७ च्या खुनासाठी. ३० लाखांची सुपारी घेतल्याचा आरोप होता. पत्रकार जे. डे यांच्या ११ जून २०११ च्या खुनात छोटा राजनला २ मे २०१८ ला जन्मठेप झाली.

मुंबईतल्या टोळ्या ढिल्या झाल्या, पण शब्द खेड्यात उतरला. बांधाचा वाद, प्लॉटिंगचा पैसा, भाऊकी, घरातलीच भानगड. चार पोरं गाठायची, गाडी आणि उचल द्यायची. ही पोरं सराईत नसतात. मोबाईलचं लोकेशन, टोलनाक्याचा कॅमेरा, पैसे पाठवल्याची नोंद यातच अडकतात. मोठी रक्कम मधल्यामध्ये जिरते आणि कोयता चालवणाऱ्याच्या वाट्याला थोडकंच येतं, जन्मठेप मात्र पुरी.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये संघटित गुन्ह्यांच्या यादीत सुपारी घेऊन केलेला खून थेट नावानिशी आहे. मृत्यू झाला तर फाशी किंवा जन्मठेप आणि किमान १० लाख दंड. टोळीचा संबंध नसला तरी खुनाला चिथावणी देणाऱ्याला खुन्याइतकीच शिक्षा. सुपारी दिली पण काम झालंच नाही, तरी सुटका नाही : त्यालाही सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि त्या प्रयत्नात कुणाला इजा झाली तर चौदा वर्षांपर्यंत.